वयाचे तक्ते बाजूला ठेवून : मानसिक विकासाचे सिद्धांत प्रत्यक्षात कसे वापरायचे?

कुळागर

बी.एड. आणि डी.एल.एड.च्या परीक्षा जवळ आल्या की पेडण्यापासून काणकोणपर्यंत एकच तक्ता हातोहात फिरतो. पियाजेच्या समजेच्या चार अवस्था: शून्य ते दोन संवेदन-कारक, दोन ते सात क्रियापूर्व, सात ते अकरा मूर्त क्रियात्मक, अकराच्या पुढे औपचारिक. शेजारी एरिक्सनच्या व्यक्तिमत्त्व घडण्याच्या आठ पायऱ्या, तळाला कोहलबर्गचे नैतिक विचारांचे तीन स्तर. पाठ करायला सोपा, म्हणून टिकलाय. पण पुढे नोकरीत याच तक्त्याच्या जोरावर दुसरीतल्या पोरावर 'अजून क्रियापूर्व आहे' असा शिक्का बसतो, तेव्हा पंचाईत होते. पियाजेचा (१८९६–१९८०) सगळा भर क्रमावर होता, म्हणजे कुठली समज कुठल्या समजेच्या आधी येते यावर. वयं अंदाजानं दिलेली, आणि तीही मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या मुलांवरून.

म्हणून इथं कृती लिहूया. काय विचारायचं, किती घ्यायचं, कुठं फसतं. सुरुवात पाण्यापासून करतो.

दोन अगदी एकसारखे काचेचे पेले आणि तिसरा उंच, अरुंद. स्टीलचे नकोत, पातळी दिसायला हवी. पहिल्या दोघांत प्रत्येकी १५० मिली पाणी आणि चमचाभर कोकमाचं आगळ. रंगामुळे पातळी लगेच नजरेत भरते. दोन्हींत पाणी सारखं आहे हे मुलानं स्वतः म्हणायला हवं. 'यात इल्लं कमी आहे' म्हणालं तर ड्रॉपर त्याच्याच हातात द्या. ही पायरी गाळली तर पुढच्या उत्तराला काही अर्थ नाही, कारण मुळात सारखं नव्हतंच असं त्याला वाटत असू शकतं.

मग त्याच्यासमोर एक पेला उंच पेल्यात ओता आणि विचारा: 'आता दोन्हींत पाणी सारखं आहे, की एकात जास्त आहे?' उत्तर काहीही येवो, लगेच 'कशावरून?' विचारा. खरं काम या दुसऱ्या प्रश्नाचं. नीट समज आलेलं मूल तीनपैकी एक कारण देतं: 'काही घातलं नाही, काढलं नाही', 'हा उंच आहे पण बारीक आहे', किंवा 'परत ओतलं तर तेवढंच होईल'. नुसतं 'सारखं' म्हणून गप्प बसलं तर त्याला पूर्ण गुण देऊ नका. शेवटी उलट बाजूनं ढोसून बघा: 'दुसरा एक मुलगा म्हणाला, उंच पेल्यात जास्त आहे. त्याचं बरोबर का?' अर्धवट समज इथं डळमळते, त्यांची नोंद 'संक्रमणात' अशी करा.

रूप बदललं तरी प्रमाण तेच राहतं, ही समज सगळीकडे एकदम येत नाही. संख्येची साधारण सहाच्या आसपास, मातीच्या गोळ्याची सात-आठला, वजनाची नऊ-दहाला, आकारमानाची अकरा-बाराला. एकाच मुलाला तीन प्रयोगांत तीन 'अवस्था' निघतात. मग तक्त्यात त्याला कुठल्या घरात बसवणार?

बालवाडीवाली

एक महत्त्वाची गोष्ट राहिली: भाषा. आमच्याकडे मूल घरी कोंकणीत बोलतं, बालवाडीत मराठी किंवा इंग्रजी ऐकतं. 'जास्त' हा शब्द पाच वर्षांच्या कितीतरी मुलांना 'उंच' किंवा 'मोठं' असाच कळतो. मग उत्तर चुकतं ते शब्दामुळे. मुलाच्या घरच्या बोलीत विचारा: 'दोनांयनी सारकेंच उदक आसा, काय खंय चड आसा?' (दोन्हींत सारखंच पाणी आहे, की कुठं जास्त आहे?) आणि आधी खात्री करून घ्या. एका वाटीत तीन काजूच्या बिया, दुसरीत आठ, 'चड खंय?' हे न चुकता सांगणाऱ्या मुलावरच पुढचा प्रयोग करा.

संख्येच्या प्रयोगालाही काजूच्या बियाच घ्या, सहा-सहाच्या दोन रांगा, मग एक रांग पसरवून तोच प्रश्न. दहाच्या वर गेलात तर मूल मोजायच्या नादाला लागतं आणि प्रयोग मोजणीचा होतो. बिया भाजलेल्या नकोत, रांग दर वेळी आखूड होत जाते.

रापणकार

कुळागर, कृती नेटकी आहे, पण तिच्यातच एक भोक आहे. तोच प्रश्न दोनदा विचारला की मुलाला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं असणार, नाहीतर मोठं माणूस परत कशाला विचारेल? वर्गात तरी हाच अनुभव ना, बाईंनी 'परत सांग' म्हटलं की उत्तर बदलायचं. रोझ आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये पहिला प्रश्न गाळून फक्त ओतल्यानंतर विचारलं, तर चुका कमी झाल्या.

त्याच सुमाराला एडिंबरामध्ये मॅगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी आणखी एक युक्ती काढली. रांग प्रयोग करणाऱ्यानं बदलायची नाही, एक खोडकर टेडी येऊन विस्कटतो. चार ते सहा वर्षांची मुलं आता कितीतरी जास्त प्रमाणात 'सारखंच' म्हणाली. मोठ्या माणसानं मुद्दाम हात लावला म्हणजे काहीतरी बदललं असणार, हा मुलाचा तर्क तसा शहाणपणाचाच आहे.

तीन डोंगरांच्या प्रयोगाचं तेच. पियाजेच्या मांडणीत लहान मुलं समोरच्या बाहुलीला काय दिसतं ते सांगायला चुकतात. ह्यूजेसनं भिंतींच्या आड पोलिसापासून बाहुली लपवायला सांगितली तर साडेतीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांची ९० टक्के उत्तरं बरोबर आली. लपाछपी प्रत्येक मुलाला कळते. डोंगराचं चित्र निवडणं हे मोठ्यांचं खूळ.

तेव्हा दोन्ही रीतींनी करा, म्हणजे एक-प्रश्नी आणि दोन-प्रश्नी, पण वेगवेगळ्या मुलांवर. त्याच मुलावर दोन्ही केलंत तर सरावाचा परिणाम मिसळतो.

मोडकी_पाटी

+१. मातीच्या गोळ्याबद्दल: १९६९ मध्ये प्राइस-विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोत कुंभारांची आणि इतरांची मुलं तपासली. मातीच्या राशीची समज कुंभारांच्या मुलांना आधी आलेली होती. डिचोलीच्या कुंभारवाड्याजवळच्या शाळेत कोणी हा प्रयोग करणार असेल तर माती घेऊ नये, किंवा माती आणि पाणी दोन्ही घेऊन तुलना करावी. फरक दिसला तर तो हाताच्या सवयीचा आहे, की समज सगळीकडेच लवकर आली आहे, हे दुसऱ्या पदार्थावरूनच कळणार.

सातेरी

पालक हा धागा वाचून घाबरायच्या आत एक खुलासा. वर चाललंय ते समजेच्या टप्प्यांबद्दल. डॉक्टर ज्याला 'माइलस्टोन' म्हणतात ते वेगळं, तिथं वय खरंच महत्त्वाचं असतं. बाराव्या महिन्यापर्यंत 'बाबा-दादा' अशी बडबड नाही, सोळाव्यापर्यंत एकही शब्द नाही, अठराव्यापर्यंत चालणं नाही, चोविसाव्यापर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा कुठल्याही वयात आलेली गोष्ट हरवली, तर वाट पाहायची नाही. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्याच्या तपासणीत विकासातला विलंब हा चार मुख्य भागांपैकी एक आहे. आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला 'उशिरा बोलणारं' म्हणून वर्ष-वर्ष सोडून दिलं जातं.

पाण्याच्या पेल्यात चुकणारं सहा वर्षांचं मूल या यादीत कुठेच येत नाही.

मांडवीकाठ

आता जरा लहानांकडे. मेरी एन्सवर्थची 'अनोळखी परिस्थिती', म्हणजे मुलाचं आईशी जडलेलं नातं तपासणारा प्रयोग, बहुतेक गाइडांत दोन ओळींत उरकलेली असते, आणि त्या दोन ओळींत नेमकं महत्त्वाचं सुटतं. मूल १२ ते १८ महिन्यांचं. अनोळखी खोली, खेळणी, आठ प्रसंग. पहिला मिनिटाहून कमी, बाकीचे प्रत्येकी तीन मिनिटं. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. मूल फार रडलं तर तो प्रसंग तिथंच थांबवायचा.

गाइडात लिहितात, 'सुरक्षित मूल आई गेल्यावर रडतं'. चूक. रडण्यावर वर्गवारी होत नाही, बघायचं असतं ते आई *परत आल्यावर* मूल काय करतं. सुरक्षित मूल तिच्याकडे जातं, शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं. टाळणारं मान फिरवतं, जणू काही झालंच नाही. पण त्याचे हृदयाचे ठोके वाढलेले असतात हे नंतर मोजून दिसलं. विरोध करणारं बिलगतंही आणि ढकलतंही. या तिन्हींत न बसणारं, मध्येच थिजणारं किंवा पाठमोरं जवळ येणारं, तो चौथा गट मेन आणि सोलोमन यांनी १९८०च्या दशकात वेगळा काढला.

आपल्याकडे अडचण अशी की भरल्या घरातलं मूल आजीच्या कडेवरून काकीच्या कडेवर जातं. खोलीत एकटं कधी राहिलेलंच नसतं. जपानमध्ये साप्पोरोत तेच झालं: आईपासून क्षणभर दूर न झालेली बाळं एवढी हादरली की विरोधी गटातलं प्रमाण फुगलं. १९८८ मध्ये ३२ नमुने आणि आठ देश एकत्र करून पाहिलं, तर एकाच देशाच्या आतला फरक देशादेशांतल्या फरकाच्या सुमारे दीडपट निघाला. म्हणजे 'भारतीय मुलं अशीच' म्हणून वाक्य ठोकण्यातही हशील नाही.

आणि हा प्रयोग घरी करू नका. व्हिडिओवरून गुण देण्याचं प्रशिक्षण लागतं.

बालवाडीवाली

@मांडवीकाठ, बाप बोटीवर असलेल्या मुलांचं काय? आठ महिन्यांनी तारवटी बाप दारात येतो आणि दीड वर्षाचं पोर किंचाळून आजीच्या मागे लपतं. घरचे लगेच 'बापाला विसरलं' म्हणून बापालाच रडवतात.

मांडवीकाठ

नातं तुटल्याचं ते लक्षण नाही. त्या वयात अनोळख्याची भीती असतेच, आणि आठ महिने म्हणजे त्याचं जवळजवळ अर्धं आयुष्य. मुलाच्या जिव्हाळ्याच्या नात्यांचा सिद्धांत मांडणाऱ्या बोल्बीच्या मते मूल एकाच माणसावर विसंबत नाही, पसंतीचा क्रम असतो. आल्या आल्या बापानं उचलून घेऊ नये. जमिनीवर बसावं, मुलाच्या उंचीला, हातात काहीतरी खेळणं, नजर थोडी बाजूला. आजीनं तिथंच असावं. मूल स्वतः जवळ येईपर्यंत पहिले दोन-तीन दिवस अंघोळ-जेवण ज्याच्या हातून चालत होतं त्याच्याच हातून राहू द्यावं, मग हळूहळू वाटून घ्यावं. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं, पहिल्याच रात्री 'बाबाकडे झोप'.

परीक्षेपुरतं सांगायचं तर ब्रॉनफेनब्रेनरच्या 'बाह्यव्यवस्थे'चं याहून चांगलं गोव्यातलं उदाहरण सापडणार नाही. जहाज कंपनीचं कंत्राट किती महिन्यांचं हे मुलाला माहीत नसतं, त्या कचेरीत ते कधी जात नाही, पण त्याचं घर त्यावर चालतं.

रापणकार

खाणींचंही तसंच. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा. डिचोली-सत्तरी-सांगे पट्ट्यातल्या मुलांवर काय परिणाम झाला, असं घाऊक विचारून काही हाती येत नाही. ग्लेन एल्डरनं अमेरिकेतल्या १९३०च्या मंदीबद्दल जसं विचारलं तसं विचारा: मंदी आली तेव्हा मूल *किती वर्षांचं* होतं? १९२०-२१ मध्ये जन्मलेली मुलं तेव्हा दहाच्या पुढे होती, घरात हातभार लावू शकली. १९२८-२९ ची अगदी लहान होती. त्यांतल्या मुलग्यांना जास्त फटका बसला. ट्रक बंद पडले त्या वर्षी चौथीत असलेला आणि बारावीत असलेला, हे दोन वेगळे अभ्यास आहेत.

कुळागर

एरिक्सनकडे वळूया, कारण त्याच्या पायऱ्यांचं वाटोळं सर्वांत जास्त होतं. आठ पायऱ्या म्हणजे आठ परीक्षा, पास झालं की वर, असं शिकवलं जातं. त्याचं म्हणणं दोन टोकांमधल्या प्रमाणाचं होतं. पहिल्या पायरीत विश्वासाच्या बाजूनं पारडं जड हवं, पण अविश्वास शून्य झालेलं मूल कोणाच्याही गाडीत बसेल. आणि जुना प्रश्न पुढच्या वयात नव्या रूपात परत उभा राहतो. नववी पायरी, अगदी उतारवयाची, त्याच्या मृत्यूनंतर १९९७ मध्ये जोन एरिक्सननं जोडली. ती गाइडात नसतेच.

अवांतर: एरिक्सनचे हार्वर्डमधले साहाय्यक सुधीर कक्कर पुढे आपल्या बाणावलीत राहत होते. २०२४ मध्ये गेले. आश्रमव्यवस्था आणि एरिक्सन यांची तुलना त्यांनी १९६८ मध्येच केली होती.

मोडकी_पाटी

ती तुलना आता प्रश्नपत्रिकेत 'ब्रह्मचर्य = ओळख, गृहस्थ = जवळीक' अशी चिकटवून येते. जपून. आश्रम सांगतात कसं जगावं, आणि तेही मुख्यतः द्विज पुरुषानं. एरिक्सन सांगू पाहतो की माणूस कशातून जातो. एक विधी, दुसरं वर्णन. कक्करांची तुलना नीट वाचली तर ती समीकरणं मांडत नाही.

सातेरी

एरिक्सनची पाचवी पायरी, म्हणजे 'ओळख', मोजता येते, तेवढी एक सोय आहे. जेम्स मार्शियानं १९६६ मध्ये ८६ कॉलेजकुमारांच्या मुलाखती घेऊन दोनच गोष्टी तपासल्या: पर्याय धुंडाळले का, आणि आता कशाला तरी बांधील आहे का. दोन्ही हो म्हणजे ओळख साध्य; धुंडाळणं चालू पण निर्णय नाही, तो लांबणीवर; न धुंडाळता बांधील, तो बंदिस्त; दोन्ही नाही, तो विस्कळीत.

गोव्यात हे पोर्तुगीज पासपोर्टच्या निर्णयावर लावून बघा. १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्या आजोबांच्या नोंदीवर कागद करायचे आणि बाहेर जायचं, असं विशीतल्या कितीतरी पोरांचं ठरलेलं असतं. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमधल्या स्विंडनचा रस्ता अरुंद झाला तरी चर्चा थांबलेली नाही. 'जाणार का?' हा प्रश्न निरुपयोगी. असं विचारा: हे कधी ठरलं? घरात पहिल्यांदा कोण बोललं? इथं राहिलास तर काय करशील, त्याची चौकशी केलीस का? आणि मार्शियाचा हुकमी प्रश्न: याहून चांगलं काही समोर आलं तर हे सोडायला कितपत तयार आहेस? बंदिस्त मुलगा 'छे, आमच्या घरात सगळे गेले' म्हणून विषय संपवतो. विस्कळीत म्हणतो, 'मिळालं तर लगेच सोडीन'. साध्य झालेला थोडा थांबतो: 'बदलेनही, पण तसं होईलसं वाटत नाही.'

तीच व्यक्ती धंद्याबाबत साध्य आणि धर्माबाबत बंदिस्त असू शकते. म्हणून एका माणसाला एकच लेबल लावू नका, विषयागणिक लावा. बंदिस्त म्हणजे दुःखी, असंही नाही. अशी पोरं बऱ्याचदा निवांत असतात. नोकरी गेली की कळतं.

रापणकार

कोहलबर्ग थोडक्यात, कारण त्याचा फार गाजावाजा झालाय. शिकागोतले १०, १३, १६ वयाचे ७२ मुलगे, सगळे मुलगेच, हे गिलिगननं १९८२ मध्ये बरोबर पकडलं. त्याच्या गोष्टीतल्या नवऱ्यानं मरणाऱ्या बायकोसाठी औषधाची 'चोरी करावी की नाही' याला गुण नसतात, कारणाला असतात; निम्मे विद्यार्थी इथंच चुकतात. आणि मिलर व बर्सॉफ यांनी १९९२ मध्ये म्हैसूर आणि न्यू हेवन इथल्या लोकांची तुलना केली, तर म्हैसूरकरांनी मित्राला दिलेला शब्द न्यायाच्या नियमाहून वरचा धरला, आणि तो आपखुशीचा न मानता नैतिक कर्तव्य मानला. कोहलबर्गच्या शिडीवर अशा उत्तराला खालची पायरी मिळते. दोष शिडीचा.

मांडवीकाठ

चाळिशीतल्या 'संकटा'वर प्रतिसाद येण्याआधीच सांगतो: लेव्हिन्सननं १९७८ मध्ये ४० पुरुषांवरून ते मांडलं. चाळीस. पुढे चला.

आडपई

म्हाताऱ्यांवर धाग्यात अजून एक अक्षर नाही! २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरची माणसं ११.२ टक्के, देशात केरळच्या खालोखाल. पुस्तकांत मात्र विकास बारावीपाशी संपतो.

म्हातारपण निभावण्याचं बाल्टेसचं सूत्र कामाचं आहे: निवड, कमाल, भरपाई. त्याचं आवडतं उदाहरण पियानोवादक रुबिनस्टाइनचं. उतारवयात तो कमी रचना वाजवायचा, त्यांचा सराव जास्त करायचा, आणि जलद भागाच्या आधी मुद्दाम लय उतरवायचा, म्हणजे जलद भाग आणखी जलद वाटे. भजनी मंडळातले बुजुर्ग नेमकं हेच करतात. चार अभंग राखून ठेवतात, घरी रोज घोळतात, तान सुटेलसं वाटलं की टाळकऱ्यांना उचलायला लावतात.

गोतावळा आटणं म्हणजे खिन्नता, असंही धरू नका. कार्स्टेन्सनच्या मते पुढचा काळ थोडा उरलाय हे जाणवलं की माणूस ओळखी कमी करतो आणि जिवाभावाची चार माणसं धरून ठेवतो. फरक असा ओळखायचा: लग्नाची आमंत्रणं टाळतो पण रोज संध्याकाळी मित्राकडे जातो, तर ठीक. मित्रही सोडला, भजनही सोडलं, जेवण निम्म्यावर आलं, तर १५ प्रश्नांची जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल भरून घ्या. पाचच्या वर गुण आले तर बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात (आयपीएचबी) किंवा जवळच्या डॉक्टरकडे.

स्मरणशक्तीच्या तपासणीत इथं हमखास चार गोष्टी बिघडतात. चष्मा घरी राहतो. कानाचं यंत्र बंद असतं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, तेही ज्यानं दोन इयत्ता केल्या त्याला. नेहमीच्या चाचणीतली ३० पैकी २४ ही सर्रास वापरली जाणारी रेषा शिकलेल्यांची आहे. निरक्षरांसाठी हिंदीत केलेली वेगळी चाचणी आहे ती याचमुळे. आणि चौथं, लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत, शिकलेला माणूस आकडे मनात पोर्तुगीजमध्ये मोजत असेल तर त्याला मराठीत घाई करू नका. तारीख चुकली तर 'चवथ होऊन किती दिवस झाले?' हेही विचारा. निवृत्त माणसाला कॅलेंडर लागत नाही, सण लागतात.

कणगी

माझ्या प्रकल्पासाठी १०, २०, ४०, ६० आणि ८० या वयांची प्रत्येकी चार माणसं घ्यायची आहेत. स्मरणशक्ती आणि शब्दसंग्रह तपासून 'वयानुसार बदल' असा आलेख काढायचा. चालेल ना?

आडपई

आलेख निघेल, शीर्षक चुकेल. तुमच्याकडे वयाचे पाच गट आहेत, पण ते पाच पिढ्यांचेही गट आहेत. वॉर्नर शाये यांनी १९५६ मध्ये सिएटलला अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं, सोबत नवी माणसंही घेतली. एकाच वेळी सगळी वयं तुलनेला घेतली तर बुद्धी लवकर उतरताना दिसायची. तीच माणसं वर्षानुवर्षं पाहिली तर बऱ्याच क्षमता साठीपर्यंत टिकायच्या. मधला फरक शाळेचा, आहाराचा, काळाचा.

गोव्यात हा फरक जास्तच. आज ऐंशीच्या माणसाचं प्राथमिक शिक्षण १९६१ च्या आधीचं: पोर्तुगीज शाळा, खाजगी मराठी शाळा, नाहीतर काहीच नाही. साठीचा माणूस पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघालेल्या शाळांच्या नंतरचा. त्यांच्यातला फरक 'वय' म्हणून आलेखावर चढवलात तर तुम्ही १९६१ ची गोवामुक्ती मोजताय, म्हातारपण नाही.

कणगी

मग प्रकल्प सोडून देऊ?

आडपई

नको. शीर्षक 'वयोगटांतील फरक' करा, 'बदल' हा शब्द काढा. प्रत्येक गटात चारऐवजी सहा माणसं घ्या, निम्म्या बायका, कारण ऐंशीच्या गटात पुरुषांना आणि बायकांना मिळालेली शाळा अगदीच वेगळी. दोन्ही चाचण्या एकाच बसणीला, सकाळी, पाऊण तासाच्या आत. ऐंशीच्या माणसाला मध्ये दहा मिनिटं चहा. शब्दसंग्रह ज्या त्या माणसाच्या भाषेत तपासा, नाहीतर तो रकानाच गाळा. आणि नोंदवहीत वयाच्या रकान्याच्या आधी तीन रकाने आखा: जन्मसाल, शाळेची वर्षं, शाळेचं माध्यम.